सायकलवरचा रविवार



जानेवारीत एका रविवारी मी आपल्या चर्चमध्ये मिस्साला नव्हतो. पुढच्या रविवारी आवारात एका ज्येष्ठ बंधूंनी मला थांबवले. "मास्तर, आजारी होता का?" मी म्हणालो, "नाही. बहिणीकडे भाईंदरला गेलो होतो. मिस्साला तिकडेच गेलो आणि मग भाच्याबरोबर दिवसभर सायकलवर समुद्रकाठ फिरलो." ते हसले. "या वयात सायकल? आणि कशासाठी?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. नोकरीची सारी वर्षे मी शाळेत सायकलवरच गेलो. पाय अजून शाबूत आहेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला देता आले नाही. कशासाठी? काही आणायला गेलो नव्हतो, कोणाला भेटायचे नव्हते, नवसही फेडायचा नव्हता. नुसते फिरायला गेलो होतो. असा नुसता घालवलेला दिवस योग्य की अयोग्य, हा प्रश्न तेव्हापासून मनात घोळतो आहे. त्याचा विचार आज आपल्याबरोबर करावा म्हणून हे लिहीत आहे.

आधी तो दिवस सांगतो. मुंबईच्या उत्तरेला साष्टी बेट आहे. त्याच्या वायव्य टोकाला समुद्रालगत जो भाग आहे त्याला जुन्या काळापासून धारावी बेट म्हणतात. मुंबई शहरातली धारावी वेगळी. या धारावीत डोंगरी, चौक, पाली, उत्तन, गोराई, मनोरी अशी गावे आहेत. कोळी आणि शेतकरी यांची ही वस्ती, आणि त्यांतली पुष्कळ घरे आपल्यासारखीच कॅथलिक. भाईंदर स्टेशनपासून मुर्धा, राई, मोर्वा करीत रस्ता उत्तनला जातो आणि पुढे टेकडी ओलांडून गोराईला. जाऊन-येऊन तीस-पस्तीस किलोमीटर होतात. मोटारीने हे अंतर दीड तासात उरकते. आम्ही अख्खा दिवस लावला.

पहाटे अंधारातच निघालो. भाईंदरची मिठागरे ओलांडताना उजाडले. उत्तनच्या सागरमाता चर्चमध्ये मिस्साला बसलो. बाहेर आलो तेव्हा ऊन कोवळे होते आणि वाऱ्याला खाऱ्या मासळीचा वास होता. आपण नगरकडची माणसे. आपल्याकडे पाणी म्हणजे विहीर, कालवा, आणि नाही तर टँकर. तिथे डोळ्यांत मावणार नाही एवढे पाणी पाहिले की आधी बोलणेच सुचत नाही. भाचा म्हणाला, "मामा, घाई नाही. वाटेल तिथे थांबू." आणि खरोखरच थांबलो. चौकजवळ धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. 1739 साली वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या सैन्याने तो घेतला. शाळेत ही मोहीम मी किती वर्षे शिकवली! पण जागा पाहिली ती आता. वाटेत लहान लहान क्रूस लागले, त्यांच्यावर ताज्या फुलांचे हार होते. कोणी "कुठून आलात?" विचारले की उतरायचे आणि दोन शब्द बोलायचे.

सायकलची गंमत हीच आहे. इव्हान इलिच नावाचे विचारवंत होऊन गेले (1926-2002). ते एकेकाळी आपल्या ख्रिस्तसभेत धर्मगुरू होते. 1974 साली 'एनर्जी अँड इक्विटी' या छोट्या पुस्तकात त्यांनी एक हिशेब मांडला. अमेरिकेतला सरासरी पुरुष मोटारीत बसून, आणि मोटारीसाठी पैसे मिळवायला राबून, वर्षाला सोळाशे तास खर्च करतो आणि साडेसात हजार मैल जातो. म्हणजे तासाला पाच मैलांहूनही कमी! चालणाऱ्यापेक्षा फार पुढे तो गेलाच नाही. सायकलवाला मात्र चालणाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेगाने जातो आणि शक्ती त्याच्या पाचव्या हिश्शाएवढीच खर्च करतो. इलिच यांचे म्हणणे असे की वेग एका मर्यादेपलीकडे गेला की तो दुसऱ्या कोणाच्या तरी वेळेवर उभा असतो. त्या दिवशी मला हे वाक्यागणिक पटत होते. आपल्या वेगाने कोणाच्या अंगावर धूळ उडत नाही, कोणाला बाजूला व्हावे लागत नाही, याचे मोठे समाधान वाटत होते. ते समाधान संध्याकाळपर्यंत टिकले नाही, पण ते पुढे सांगतो.

उत्तनच्या किनाऱ्यावर बांबू रोवून दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर बोंबील वाळत होते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकतात. बोंबलात पाणी फार, लगेच वाळायला घातला नाही तर नासतो. साधारण आपल्या बहिणीच्या वयाची एक बाई भराभर जोड्या टाकीत होती. मी सायकल टेकवून बघत राहिलो. तिने मान वर न करताच विचारले, "काका, काम नाही का आज?" मी म्हणालो, "रविवार आहे ना, ताई." ती हसून म्हणाली, "मासळीला रविवार ठाऊक नसतो. सकाळी देवळात जाऊन आले, आता हे."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तरी ते वाक्य मला लागले. कारण असल्या वाक्यांतच मी वाढलो आहे. आमचे वडील साखर कारखान्यावर कामाला होते. हंगामात पाळी रात्रीची असो की दिवसाची, काळ्या सायकलवर ते जायचे आणि यायचे. कॅरिअरला डबा, हँडलला पिशवी. सायकल त्यांच्या लेखी विळ्या-खुरप्यासारखे अवजार होती. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे ती. "रिकामे मन सैतानाचे घर" हे त्यांच्याच तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. आपला मुलगा साठी उलटल्यावर फिरायला म्हणून सायकल हाणतो आहे, हे त्यांनी पाहिले असते तर काय म्हटले असते? समुद्राकडे बघत मी तोच विचार करीत होतो.

आता प्रश्नाकडे येऊ. विसावा म्हणजे आळस का?

जोसेफ पीपर (1904-1997) या जर्मन कॅथलिक तत्त्वज्ञाने याच विषयावर 1947 साली व्याख्याने दिली आणि त्यांचे पुढे प्रसिद्ध पुस्तक झाले. वेळ पाहा. महायुद्ध नुकतेच संपलेले, जर्मनीची शहरे ढिगाऱ्यात. उभारणीचे काम डोळ्यांसमोर असताना हा माणूस निवांतपणावर बोलतो! पण त्यांचे म्हणणे असे की माणूस कशासाठी जगतो हे ठरल्याशिवाय घर तरी कशासाठी बांधायचे? संत थॉमस अक्वायनस यांचा आधार घेऊन पीपर सांगतात की आळस हे जे पाप आहे त्याचा अर्थ काम न करणे असा नाही. देवाने आपल्याला जे होण्यासाठी निर्माण केले ते व्हायला मनाने नकार देणे, म्हणजे आळस. म्हणून अठरा तास राबणारा माणूसही त्या अर्थाने आळशी असू शकतो. कामाच्या गर्दीत तो स्वतःपासून आणि देवापासून पळत असतो. उलट, खरा विसावा म्हणजे मिळालेले दान हात उघडे ठेवून घेणे. आपण मिळवलेले नाही, मिळवू शकणारही नाही, असे काही जगात आहे, ते नुसते पाहणे आणि "चांगले आहे" म्हणणे. सहा दिवसांच्या निर्मितीनंतर परमेश्वराने नेमके हेच केले.

उत्तनहून टेकडी चढून गोराईकडे उतरताना ग्लोबल विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट दिसतो. 2009 साली तो खुला झाला. आत एकही खांब नाही आणि हजारो माणसे एका वेळी शांत बसू शकतात. बौद्ध परंपरेतल्या आपल्या बांधवांनी केवळ स्थिर बसण्यासाठी एवढी मोठी वास्तू उभी केली, हे पाहून मला बरे वाटले. थांबण्याची गरज एकट्या आपल्या धर्माने ओळखली आहे असे नाही.

दुपारी गोराईला पोहोचलो. तिथले चर्च तीन राजांच्या नावाने आहे आणि तीन राजांचा सण नुकताच होऊन गेला होता. समुद्राकाठी सावलीत बसून डबा उघडला. चपात्या, सुकी भाजी, लसणाची चटणी, केळीच्या पानात गुंडाळलेला तळलेला मासा. भाचा म्हणाला, "आई तीनला उठली होती." मी खाता खाता थांबलो. तीन वाजता! आमचा निवांत दिवस सुरू झाला तो बहिणीच्या मोडलेल्या झोपेने. तिला मी विचारलेही नव्हते, "तू येतेस का फिरायला?" आपल्या किती घरांत रविवार असाच असतो! मिस्साहून आलेले पुरुष खाटेवर पेपर वाचतात आणि मटणाचा रस्सा, भात, भाकरी, वर आलेले पाहुणे, यांत बायकांचा रविवार आठवड्यातला सर्वांत जड दिवस होतो. रविवारचा विसावा आपण पाळतो असे आपण म्हणतो. कोण पाळतो?

रात्री घरी फोन केला. आमचे साडेचार एकर कालव्याखाली आहे, त्यात ऊस. एक सालगडी आहे, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत ठरलेला. निघताना मी त्याला म्हणालो होतो, "तू आहेस म्हणून मी निवांत जातो." त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती. सौ. म्हणाली, "तो उसात दारे धरायला गेलाय. सलग तिसरी रात्र. आज शेजारच्या रानात बिबट्या दिसल्याचे सांगत होते. बायको त्याची दारात बसून आहे."

आपल्या तालुक्या-तालुक्यांत उसाच्या फडात बिबट्या आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. रात्री बॅटरी घेऊन दारे धरणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्याला ठाऊक. फोन ठेवला आणि दिवसभराचे समाधान गेले. माझ्या वेगाने कोणावर धूळ उडत नाही म्हणून मी खूष होतो. पण माझा तो संथ वेगसुद्धा एका माणसाच्या तीन रात्रींवर उभा होता.

त्या रात्री मी निर्गमच्या पुस्तकातली शब्बाथाची आज्ञा काढून वाचली. लहानपणापासून पाठ असलेली आज्ञा, पण नीट वाचली ती तेव्हा. ती फक्त "तू विसावा घे" म्हणून थांबत नाही. तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी जनावरे, तुझ्या वेशीच्या आतला परका, असा सारा गोतावळा ती नावानिशी मोजते. अनुवादाच्या पुस्तकात तर कारणही दिले आहे: तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव. म्हणजे ही आज्ञा मुख्यतः ज्याच्या शब्दावर दुसरी माणसे राबतात त्याला दिलेली आहे. मी विसावलो आणि माझा गडी राबला, तर मी आज्ञा पाळली नाही. मी फक्त सुट्टी घेतली.

आपल्या शेतकरी परंपरेला हे अपरिचित नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर कोणी जू ठेवत नाही. त्याला धुतात, रंगवतात, पुरणपोळी खाऊ घालतात. बैलाचा विसावा आपण जाणतो. पण ऊसतोडीला आलेल्या माणसाचा? आपल्याच पाथर्डी-शेवगावकडून आणि शेजारच्या बीडमधून नवरा-बायकोची जोडी "एक कोयता" म्हणून मोजली जाते आणि उचल घेऊन हंगामभर फडात राबते. एक दिवस कामावर आली नाही तर तो "खाडा", आणि खाड्याचे पैसे कापले जातात. ताप असो, दिवस गेलेले असोत. आपल्या चहात पडणाऱ्या साखरेला रविवार ठाऊक नाही.

पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात कामगारांचा प्रश्न मांडला. त्यात एक गोष्ट ते ठामपणे सांगतात. मालक आणि कामगार यांच्यात कोणताही करार झाला, तरी शरीराला आणि आत्म्याला पुरेसा विसावा मिळेल ही अट त्यात असतेच, मग ती बोललेली असो वा नसो. "आमच्यात तसे ठरलेच नव्हते" ही माझी पळवाट अशी शंभर वर्षांपूर्वीच बंद झालेली आहे.

आता कोणी म्हणेल, मग त्या उत्तनच्या बाईचे काय? तीही रविवारी राबत होती. मी यावर बराच विचार केला. प्रभू येशूने स्वतःच विचारले होते की शब्बाथाच्या दिवशी तुमचा बैल विहिरीत पडला तर तुम्ही त्याला लगेच बाहेर काढणार नाही का? काही कामे खरोखर थांबत नाहीत. नासणारी मासळी, व्यालेली गाय, दवाखान्यातला रोगी. आणि कोळ्यांचा धंदा पाहिला तर त्याला त्याचा विसावाही आहे. बोंबलाची डोल जाळी भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतात. उधाणाला काम भरपूर, भांगाला ओढ कमी म्हणून काम मंद. शिवाय 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस आपल्या राज्यात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. समुद्रालाही दोन महिने मोकळे सोडावे लागते, नाही तर पुढच्या वर्षी जाळ्यात काही येणार नाही. ती बाई मासळीच्या गरजेने राबत होती. माझा गडी माझ्या सोयीने राबत होता. उसाला एक पाळी दोन दिवस उशिरा मिळाली असती तर ऊस मेला नसता. हा फरक प्रत्येकाने आपल्या घरी, दुकानी, शेतात स्वतःच तपासायचा आहे. दुसऱ्याने तपासून उपयोग नाही.

म्हणजे मी सायकलवर गेलो हे चुकले का? मला तसे वाटत नाही. तो दिवस चांगला होता आणि देवाचे दान होता. समुद्र पाहून मन भरून आले ते खोटे नव्हते. वडिलांनाही असा एक दिवस मिळायला हवा होता, मिळाला नाही, ही अन्यायाची गोष्ट आहे. त्यांना मिळाला नाही म्हणून मीही घेऊ नये, असा त्यातून अर्थ काढता येत नाही. तो सर्वांना मिळावा, असाच काढता येतो. विसावा पाप नाही. एकट्याचा विसावा अपुरा आहे.

घरी आल्यावर मी गड्याला सांगितले, "रविवारी तुला सुट्टी. पगार तोच." तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, माझं काही चुकलं का?" दोन वर्षे तो आमच्याकडे आहे. सुट्टी म्हणजे काढून टाकण्याची सुरुवात, एवढेच त्याला आजवरच्या मालकांनी शिकवले असावे. त्यात मीही आलो.

तेव्हापासूनचे रविवार मी स्वतः सांभाळतो. दिवसाची वीज असली तर मिस्साहून येऊन दारे धरतो. रात्रीची असली तर त्या रात्री पाणी देत नाही. एका वाफ्याला ताण बसला, खोटे कशाला सांगू. शेजारी म्हणतात, "मास्तर गड्याला बिघडवणार." कदाचित त्यांचे खरे असेल. पहिले दोन रविवार तो घरीच बसून होता, काय करावे हे त्याला सुचेना. तिसऱ्या रविवारी माझी जुनी सायकल मागायला आला. पुढे दांडीवर मुलगा, मागे बायको, असा तो निघाला. कुठे चाललास, मी विचारले. "कुठं नाही," तो म्हणाला, "जरा कालव्याच्या कडेनं."

चर्चच्या आवारात मला विचारलेल्या "कशासाठी?" या प्रश्नाचे इतके चांगले उत्तर मला अजून सापडलेले नाही.

बंधू-भगिनींनो, प्रायश्चित्तकाळ चालू आहे आणि पाडवाही जवळ आला आहे. पाडव्याला आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी गड्याचा नवा करार ठरेल. पगार, धान्य, कपडे यांची बोलणी होतील. त्या बोलण्यात रविवारचाही एक शब्द असू द्या. ज्यांच्याकडे गडी नाही त्यांनी घरातली चूल पाहावी. येत्या रविवारी ती कोण पेटवणार आहे? माझ्यापुरते सांगतो, भाईंदरच्या बहिणीला मी मे महिन्यात इकडे बोलावले आहे. तीन वाजता उठून चहा करायचे काम माझ्याकडे आहे.

तीन राजांनी बाळ येशूचे दर्शन घेतले आणि ते दुसऱ्या वाटेने आपल्या देशी परत गेले. गोराईहून भाईंदरला यायला आम्हाला दुसरी वाट नव्हती, आल्या रस्त्यानेच आलो. दुसरी वाट घरी आल्यावर सुरू झाली. ती चालायचे बळ प्रभूने आपणा सर्वांना द्यावे.